तिसऱ्यांदा विचारल्यावर

बस सार्सफील्ड पुलावर चढली तेव्हा डर्व्हला म्हणाली, "वाऊटरनं विचारलं होतं, तुझ्यासाठी डब्लिनला शब्द टाकू का. मी म्हटलं नको." आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. दुकानात पाव मिळाला नाही हे सांगावं, तशा आवाजात. माझ्या मांडीवर कॉन्सेप्टाकडे न्यायचा सफरचंदाचा टार्ट होता, टॉवेलात गुंडाळलेला, ओव्हनमधून काढून फार वेळ झाला नव्हता. इतका वेळ त्याची ऊब बरी वाटत होती, ती एकदम चटका द्यायला लागली. मी तो उचलून गुडघ्यांकडे सरकवला. खाली शॅननला ओहोटी होती. पाणी उतरलं की आमच्या नदीला एक वास येतो, चिखलाचा, लोखंडाचा, जुन्या नाण्यांचा. बसच्या काचा बंद असल्या तरी तो आत येतो. की आयुष्यभर घेतल्यामुळे तो आता डोक्यातच राहायला आलाय, कोण जाणे.

"नको म्हणालीस," मी म्हटलं.

"हो."

"मग तो काय म्हणाला?"

"बरं म्हणाला."

"पुन्हा नाही विचारलं?"

"नाही ना. उलट आभार मानले. म्हणाला, सरळ बोलणारी माणसं आवडतात मला."

"तू थांबलीस तरी का जरा?"

"थांबले की. बुटाची नाडी बांधत बसले. सुटलेली नव्हती तरी." मग ती स्वतःशीच हसली. "मला आधीच कळायला हवं होतं, आजी. आत गेल्या गेल्या त्यानं विचारलं, कॉफी घेणार? मी नको म्हटलं. तर त्यानं एकट्यापुरती केली आणि माझ्यासमोर बसून प्यायला."

पुढच्या सीटवरची बाई, खरेदीची चाकांची पिशवी पायांत धरून बसलेली, ती पूर्ण वळली. "एकट्यानं प्यायला? तुझ्यासमोर?"

"हो ना."

"कुठला म्हणायचा हा?"

"हॉलंडचा."

"मग बरोबर," ती बाई म्हणाली आणि पुन्हा पुढे वळली, आणि उरलेल्या रस्त्यात तिचं डोकं मधूनमधून आपोआप हलत होतं.

मला हसू यायला हवं होतं. डर्व्हला माझी नात. तिची आई बॉस्टनला गेली आणि तिकडचीच झाली, ही शाळेपासून माझ्याकडे. तिशी ओलांडली आहे तिनं, आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं ती एकटीच्या होडीत बसून वल्हं मारते आहे, देशासाठी, म्हणजे अंगावर हिरवा बनियन घालून. सरकार तिला वर्षाचे पैसे देतं. मागच्या वर्षीच्या स्पर्धेत कितवी आलीस त्यावरून ते ठरतात. गेल्या वसंतात तिची बरगडी तडकली. कोणी मारलं नाही की ती पडली नाही, वल्हं ओढून ओढूनच हाड तडकतं, वल्हवणाऱ्यांचा तो नेहमीचा आजार. स्पर्धा हुकली. आता मुख्य प्रशिक्षकानं, म्हणजे या वाऊटरनं, तिची बाजू मांडली, ही पोरगी आजारी होती, संपलेली नाही, असं डब्लिनच्या मंडळींना सांगितलं, तरच पुढचं वर्ष मिळणार. नाहीतर नाही. सोमवारी त्याची नावं जाणार होती. आणि त्या भल्या माणसानं तिला बोलावून विचारलं होतं. आणि ती नको म्हणाली होती, कारण दुसरं काय म्हणणार? पहिल्यांदा विचारल्यावर कोण हो म्हणतं? माझ्या आयुष्यात मी असं माणूस पाहिलेलं नाही. लहान मुलंसुद्धा बिस्किटाच्या डब्याकडे बघत नको म्हणतात आणि आईकडे बघतात. पहिलं नको म्हणजे नुसता घसा खाकरणं. दुसरं नको म्हणजे समोरच्याला एक वाट मोकळी ठेवणं, की बाबा, तू उगीच तोंडदेखलं विचारलं असशील तर अजून वेळ गेलेली नाही. आणि मग तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस खरं बोलतो. तिसरं उत्तर खरं असतं. हे कोणी शिकवत नाही. हे श्वासासारखं असतं, आणि हॉलंडमध्ये बहुतेक वेगळा श्वास घेतात.

मला चीड आली होती, पण ती कोणावर टाकावी हे कळत नव्हतं. वाऊटरला मी एकदा पाहिला होता, कॉर्कजवळच्या तळ्यावर. उंच, पांढऱ्या भुवयांचा, सायकलवरून काठाकाठानं होडीबरोबर जाणारा. त्यानं माझ्यासाठी घडीची खुर्ची आणली होती. मी नको म्हटलं होतं. त्यानं ती खुर्ची परत नेली आणि मी सकाळभर उभी राहिले. तेव्हा मला ते विचित्र वाटलं आणि घरी येऊन मी विसरूनही गेले. आता बसमध्ये ते गुडघ्यांना आठवलं.

वाचायला मी उतारवयात शिकले. बेकन फॅक्टरीत होते तेव्हा, आणि नंतरही कितीतरी वर्षं, माझा चष्मा नेहमी घरी राहिलेला असायचा. दवाखान्यात, पोस्टात, चर्चमध्ये, सगळीकडे मी म्हणायचे, अगं, चष्मा घरी राहिला, तूच वाच. चष्मा मला लागतच नव्हता. मिस मोरियार्टी म्हणून केरीकडची एक मास्तरीण होती, ती प्रौढांचा वर्ग घ्यायची. ती एका रविवारी चर्चमधल्या मासनंतर माझ्याबरोबर चालायला लागली आणि म्हणाली, मिसेस हार्टिगन, वर्गाला याल का? मी म्हटलं, मला कुठला वेळ. ती म्हणाली, आठवड्यातून एकच संध्याकाळ. मी म्हटलं, नको हो, ज्याला गरज आहे त्याला ती जागा द्या. मग आम्ही हवापाण्याचं बोललो, तिच्या भावाच्या गाईंचं बोललो. माझ्या गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा ती थांबली, तिनं हातमोजे काढले, आणि म्हणाली, नोनी, ये की ग. ते मला अजून ऐकू येतं. तिनं तिसऱ्यांदा विचारलं नसतं तर ही बस कुठे जाते तेही मला आज दुसऱ्याला विचारावं लागलं असतं. तिला माहीत होतं की गरज असलेलं माणूस गरज आहे असं म्हणणार नाही. त्याच्यासाठी ते वाक्य दुसऱ्यानं तीन वेळा म्हणावं लागतं. सरकारात असं कोणी बसलेलं नसतं. सरकार एकदाच विचारतं, आणि तेही हॉलंडच्या माणसाच्या तोंडून.

"फोन कर त्याला," मी म्हटलं.

"बघू," डर्व्हला म्हणाली. "उतरायचं आलं आजी, तो टार्ट दे इकडे."

कॉन्सेप्टाचं घर थॉमंड पार्कच्या, रग्बीच्या मैदानाच्या, मागच्या गल्लीत, सामन्याच्या दिवशी तिच्या न्हाणीघरात लोकांचा आवाज घुमतो असं. तिच्या मुलानं, डॉनकानं, तिला मोठं घर घेऊन द्यायची किती वेळा तयारी दाखवली, ती गल्ली सोडायला तयार नाही. मग त्यानं नवं स्वयंपाकघर करून दिलं, ज्यात ती काही सापडत नाही म्हणून दिवसभर दारं उघडत-लावत असते. डॉनका रग्बीतून निवृत्त झाला होता, त्याचीच ही पार्टी. कॉन्सेप्टा आणि मी फॅक्टरीत एकाच टेबलाला उभ्या असायचो. तिनं दारातच माझ्या दोन्ही गालांना धरलं, टार्ट घेतला, "हे कशाला आणलंस बाई, वेडी काय तू," म्हणाली, आणि आत जाता जाता ओरडली, "नोनी आली! कोणीतरी तिला सँडविच द्या!"

"नको ग, आत्ताच खाऊन आले."

"हॅमचं आहे."

"खरंच नको."

"अगं माझ्या हातचं आहे, मेले!"

"बरं, एक दे. छोटं."

तिनं दोन दिली, मोठी. आणि मी ती हातात धरून उभी राहिले तेव्हा बघितलं, सगळ्या खोलीत हेच चाललं होतं. कोपऱ्यात शेजारचा म्हातारा खुर्ची नको म्हणत होता आणि तीन जण त्याच्या पाठीमागे खुर्ची घेऊन उभे होते. खिडकीशी कोणी नको नको म्हणत ग्लास पुढे करत होतं. सगळीकडे मऊ, हसरे नकार आणि त्यांच्यावर ओतला जाणारा चहा. कोणाला काही कमी पडत नव्हतं. आणि माझी पोरगी दाराशी उभी होती, हातात काही नाही, तिला अजून कोणी विचारलं नव्हतं. तिचे खांदे तिच्या अंगावर उसने आणल्यासारखे दिसतात. तळहातांवरचे घट्टे लपवायला ती मुठी मिटून उभी राहते, तिला वाटतं कोणाला कळत नाही.

कॉन्सेप्टा माझ्या कानाशी आली. आनंदानं तिचा श्वास गरम होता. "तुला सांगते, कोणाला बोलू नकोस. सरकार त्याला परत देणार आहे. भरलेला टॅक्स. दहा वर्षांच्या कमाईवरचा. सगळा नाही, पण बराचसा ग!"

"कशासाठी?"

"खेळाडू म्हणून! निवृत्त झाला की मिळतं. शरीर लवकर संपतं ना त्यांचं. आणि गंमत म्हणजे दहा वर्षं कुठली ते आपणच सांगायचं. सगळ्यांत चांगली दहा निवडायची." ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "विचार कर नोनी. आयुष्यातली चांगली दहा वर्षं निवड म्हणून कोणी आपल्याला सांगितलं का कधी?"

नाही सांगितलं. पण तिनं सांगितल्यावर मी तिथेच, हॅमचं सँडविच हातात धरून, निवडायला लागले, आणि ते मला थांबवता येईना. फॅक्टरीतली वर्षं नकोत, खाऱ्या पाण्यानं बोटं फुटायची आणि हिवाळ्यात रात्री ती गादीच्या चादरीला अडकायची. पण तीच वर्षं मॉसीची होती. मॉसी, माझा नवरा, आमच्या लिमरिककडून हर्लिंग, तो काठी-चेंडूचा खेळ, खेळायचा, अंगाला माती आणि काठीला रक्त लावून घरी यायचा. त्याला त्यासाठी कोणी कधी छदाम दिला नाही आणि त्यानं घेतलाही नसता. सामना झाला की स्टेकचं जेवण, आणि जर्सी परत. हो, जर्सी परत करायची असायची, पुढच्या वर्षी दुसऱ्याला. मी ती धुऊन, इस्त्री करून द्यायचे, आणि एकदा तिच्यात उरलेला त्याचा घामाचा वास जाऊ नये म्हणून मी ती नुसतीच पाण्यातून काढली होती. मॉसी म्हणायचा, पैसे घेतले की खेळाची नोकरी होते. मरायच्या आधी त्याचे दोन्ही गुडघे असे झाले होते की तो जिना बसून उतरायचा, एकेक पायरी, लहान मुलासारखा, आणि वर मजेत ओरडायचा, बाजूला व्हा, लिमरिकचा खेळाडू येतोय! त्याची चांगली दहा वर्षं कोणी विचारली असती तर त्यानं म्हटलं असतं, नको, माझं ठीक आहे. तीन वेळा विचारलं असतं तरी. मला त्याचा अभिमान वाटायचा. आज त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच मला त्याचा राग आला, मेलेल्या माणसाचा, आणि मग त्या रागाचीच लाज वाटली.

आणि डर्व्हलाची दहा? तिला निवडायलाच नको, तिची सगळी एकसारखीच. पहाटेचं तळं, धुकं, मोटारीच्या मागच्या सीटवर ओले कपडे, भात आणि अंडी, भाड्याच्या खोलीत आणखी तिघी. तिच्या अनुदानावर कर नाही. तीच तिची सवलत, असं मागे होड्यांच्या क्लबातला एक जण मोठ्या कौतुकानं म्हणाला होता. कर नाही म्हणून तो पगार नाही, पगार नाही म्हणून बँक घरासाठी कर्ज देत नाही, विम्याचा हप्ता नाही म्हणून बरगडी तडकली तेव्हा आजारपणाचा भत्ताही नाही. बँकेतल्या मुलानं तिला ओळखलं होतं. टीव्हीवर बघितलंय तुम्हाला, म्हणाला, आमच्या घरात सगळे उभे राहून ओरडत होते. आणि मग नाही म्हणाला.

"मिसेस हार्टिगन!"

डॉनका समोर उभा होता. तो खोलीत आला की खोली लहान होते. त्याचा एक कान कणकेच्या गोळ्यासारखा झालाय, आणि उजव्या हाताचं एक बोट मिटत नाही, हात मिळवला की ते तळव्याला टोचतं. मला त्याचा राग धरायचा होता. बसपासून मी त्याच्यासाठी तो राखून ठेवला होता म्हटलं तरी चालेल. पण हा पोरगा लहानपणी माझ्या पायरीवर बसून जाम-पाव खायचा.

"कसा आहेस रे? पुढे काय करणार?"

"पहिल्यांदा झोपणार," तो म्हणाला. मग खाली वाकून, हळू, "आईनं सांगितलं ना तुम्हाला? सगळ्यांना सांगत सुटलीये. मी मागितलं नव्हतं हो. अकाउंटंट म्हणाला, हक्काचं आहे."

"हक्काचं आहे तर घे की."

"घेतोच आहे. पण बरं नाही वाटत." त्याची नजर डर्व्हलाकडे गेली. ती आता आमच्याजवळ आली होती. "काय ग होडीवाली, बरगडी कशी आहे?"

"तुझ्या कानापेक्षा बरी."

तो मोठ्यांदा हसला. "आणि ग्रँट?"

डर्व्हलानं खांदे उडवले. मी मध्येच बोलले, मला राहवेना. "जाणार तिची. सोमवारी."

"आजी!"

"अगं खरं तेच सांगतेय."

डॉनकाचा चेहरा बदलला. त्यानं हातातली बाटली ओट्यावर ठेवली. "हे बघ, पुढचं वर्ष मी बघतो. मला परत मिळतंय ना, त्यातलं थोडं. कोणाला कळायचं नाही."

"काहीतरीच काय रे," डर्व्हला म्हणाली. "नको."

"अगं, मला जड नाही. खरंच. मला उलट बरं वाटेल."

"नको, नको. आईला घेऊन कुठेतरी उन्हात जाऊन ये त्यापेक्षा."

मी श्वास धरला. तो धरल्याचं मला बरगड्यांत जाणवत होतं. तिच्या तोंडावर ते दुसरं नको होतं, मी ते ओळखते, त्याला खाली एक फट असते, उजेड येईल एवढी. डॉनकानं तोंड उघडलं. त्यालाही माहीत होतं, तो इथलाच आहे, केकच्या शेवटच्या तुकड्यावरून याच गल्लीत हे शिकलाय. आणि तेवढ्यात कॉन्सेप्टा ओरडली, "डॉनका! फादर आलेत, फोटो काढायचाय, ये लवकर, मेणबत्त्या वितळतायत!" "आलो आलो," तो म्हणाला, डर्व्हलाच्या दंडाला हात लावून म्हणाला, "थांब, जाऊ नकोस," आणि गेला.

आम्ही थांबलो. फोटो झाला, केक झाला, कोणीतरी भाषण केलं, सामन्यातल्या जुन्या आरोळ्या झाल्या. डर्व्हला ओट्याला टेकून उभी होती आणि तिनं एक कप धुतला, जो स्वच्छच होता, आणि पुसला. मग डॉनका परत आला. आमच्यासमोर थांबला. त्याला आम्हाला बघून आनंद झाला होता, पण तो आत्ताच पहिल्यांदा बघितल्यासारखा आनंद होता. त्यानं कपाळावरून हात फिरवला. डोक्याला लागलेले मार किती, ते त्याचा डॉक्टरही आता मोजत नाही, असं कॉन्सेप्टा एकदा रडत म्हणाली होती. तो माझ्याकडे, मग डर्व्हलाकडे बघत राहिला. काहीतरी हातातून सुटलं आहे हे त्याला कळत होतं, काय ते कळत नव्हतं. मग त्याला टेबलावरचा टार्ट दिसला.

"हा कोणी केला हो?" तो म्हणाला. "फर्स्ट क्लास झालाय."

"आजीनं," डर्व्हला म्हणाली. इतक्या मायेनं म्हणाली की मला तिथून निघून जावंसं वाटलं.

आम्ही बसची वाट न बघता चालत निघालो. माझ्याकडे म्हाताऱ्यांचा फुकट प्रवासाचा पास आहे, सरकारनं मला मरेपर्यंत कुठेही फिरवायचं ठरवलंय, पण मला बसवत नव्हतं. ओहोटी संपत आली होती. क्लबाच्या शेडपुढचा उतार शेवाळानं हिरवा झाला होता, आणि खाली दोन हंस चिखलात मान खुपसून काही शोधत होते. आत कोणीतरी वल्ही धूत असावं, पाण्याच्या पाइपाचा आवाज येत होता. इथेच तिला मी पहिल्यांदा आणून सोडलं होतं. ती घाबरली होती आणि घाबरले नाही असं म्हणत होती. आम्ही कठड्याशी थांबलो. माझ्या मनात सगळं तयार होतं. डॉनका विसरला होता, तो डच माणूस विचारणार नव्हता, मग मीच विचारणार. कोणीतरी विचारायलाच हवं ना तिसऱ्यांदा.

"त्याला फोन कर," मी म्हटलं. "वाऊटरला. म्हणावं, माझं चुकलं, शब्द टाक. एवढंच. त्या माणसाला दोन वाक्यांत कळेल, त्याला एकच लागतं खरं तर."

"नको आजी."

"लाज वाटते का? आधी नको म्हणून मग मागितल्यासारखं वाटतं?"

"वाटतं थोडं." ती कठड्यावरचं शेवाळ नखानं खरवडत होती. "डॉनकाच्या त्या सवलतीच्या यादीत कोण कोण आहे माहितीये तुला? जॉकी आहेत. गोल्फवाले आहेत. मोटारी पळवणारे आहेत. वल्हं मारणारं कोणी नाही. आणि असतं तरी काय? परत द्यायला आधी काही घेतलेलं तर पाहिजे माझ्याकडून."

"म्हणून तर म्हणते, आहे ते तरी सोडू नकोस. अजून एक वर्ष. बरगडी जुळलीये. तू मागच्या आठवड्यात काय वेगानं गेलीस ते मी काठावरून बघितलंय. मला त्यातलं कळत नाही, पण पाणी कापल्याचा आवाज कळतो मला. डर्व्हला, फोन कर."

"नको ग."

हे दुसरं होतं. मी मुद्दाम थांबले. मिस मोरियार्टीसारखे हातमोजे काढायला माझ्या हातांत हातमोजे नव्हते, म्हणून मी रुमाल काढला, नाक पुसलं, परत ठेवला. एक हंस वर आला, त्याच्या मानेला अर्ध्यापर्यंत काळा चिखल लागला होता. मी तिचा हात धरला. तिनं मूठ उघडली, माझ्यापुढे ती उघडते, आणि तिच्या तळव्याचे घट्टे माझ्या बोटांना लागले, माझ्याच जुन्या बोटांसारखे, फॅक्टरीतल्या.

"बाळ," मी म्हटलं, "कर की ग."

ती माझ्याकडे बघायला वळली. तिनं घाई केली नाही. होडीत बसल्यावर सुरुवातीच्या इशाऱ्याआधी तिचा चेहरा जसा असतो, तसा तो झाला होता, सगळं आत गेलेलं.

"नको," ती म्हणाली.

मी वाट बघत राहिले, जणू अजून काही यायचं होतं.

"नाडी बांधत बसले होते ना, तेव्हा मी वाटच बघत होते, तो पुन्हा विचारेल म्हणून," ती म्हणाली. "खरंच बघत होते. आणि त्यानं विचारलं नाही. मग मी बाहेर येऊन गाडीत बसले, आणि मला वाटलं आता रडू येईल. ते आलं नाही. मी तिथेच झोपले, आजी. भरदुपारी. कितीतरी वर्षांत अशी झोपले नव्हते. मला अजून एकदा कोणाला सांगायचं नाहीये की मी किती चांगली आहे. आणि कोणी माझ्या वतीनं सांगावं असंही नाही. नको मला."

तिसरं उत्तर खरं असतं. मी जन्मभर ते मानत आले, त्याच्यावर माणसं ओळखली, त्याच्यावर चहा ओतला आणि चहा थांबवला. आणि आता ते माझ्यासमोर उभं होतं, शांत, खाली कुठेही फट नसलेलं, आणि मला चौथ्यांदा विचारायचं होतं. जीव खाऊन विचारायचं होतं. तिला धरून हलवून विचारायचं होतं. चौथ्यांदा विचारायची पद्धत आमच्याकडे नाही. ते कोणी करत नाही. केलं तर ते विचारणं राहत नाही. इतकी वर्षं ती पाण्यावर होती तेव्हा मी काठावर उभी राहून तिच्या प्रत्येक ओढीबरोबर पोट आत घ्यायचे, आणि ते आता उगीचच, कशासाठीही नाही, पुन्हा पुन्हा आत जात होतं.

शेडमधलं पाणी बंद झालं. कोणीतरी शिटी वाजवत होतं. भरती लागली होती, अगदी सावकाश, उताराच्या खालच्या कडेला पाणी नुसतं चाटून जात होतं.

"रागावलीस?" डर्व्हला म्हणाली.

"नाही ग. मी कशाला रागावू."

आम्ही पुलाकडे चालायला लागलो. तिनं माझा दंड धरला होता. वर रहदारी वाढली होती, कोणाच्या तरी गाडीतून रेडिओ जोरात वाजत होता आणि त्यावर डॉनकाचं नाव आलं, आणि तो माणूस आवाजात अश्रू आणून सांगत होता की या पोरानं आपल्यासाठी काय काय दिलं.

"खरंच नाही रागावलीस?"

"नाही म्हटलं ना. तू दमलीस, झालं. चल."

पुलाच्या मधोमध ती थांबली. खाली दोन मुलींची एक होडी चालली होती, नवशिक्या असाव्यात, वल्ही पाण्यावर थपथप आपटत होत्या. डर्व्हलानं त्यांच्याकडे बघितलं, मान आपोआप थोडी कलली, त्यांचं काय चुकतंय ते तिला दिसलं आणि तिनं ते गिळलं. मग ती माझ्याकडे वळली.

"आजी," ती म्हणाली. "रागावलीस का ग?"

"हो," मी म्हटलं.

"कोणावर?"

ते मात्र तिनं एकदाच विचारलं.